न वाचलें जाणारें वाङ्मय

मराठी गद्याचा इतिहास लिहिणारांनीं बखरींकडे पाहिलें, राजकीय पत्रव्यवहाराकडे पाहिलें, सनदा व करारनामे यांच्या भाषेचाहि अभ्यास केला. आणि तें योग्यच झालें. भाषेचा कस केवळ काव्यनाटकांत लागतो असें नाहीं, देण्याघेण्याच्या कागदांतहि तो लागतो. परंतु आज जें गद्य सर्वांत अधिक लोकांच्या डोळ्यांपुढून जातें, ज्याला शिकलेल्या घरांतील प्रत्येक माणूस वर्षांतून अनेकदां आपली संमति देतो, त्याचें परीक्षण कोठें आल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. मोबाइलवर नवें ॲप घेतांना, बँकेचें खातें उघडतांना, वाणसामान मागवितांना ‘अटी व शर्ती’ या मथळ्याखालीं जो मजकूर येतो, त्याविषयीं आम्ही बोलत आहों. हा मजकूर कायद्याचा, वाङ्मयाचा नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. पण ज्या लेखनाला कर्ता आहे, कल्पिलेला वाचक आहे, शैली आहे आणि विशिष्ट परिणाम साधण्याचा हेतु आहे, तें टीकेच्या कक्षेबाहेर कां ठेवावें? उलट आम्हांस असें वाटतें कीं, या गद्यांतील खोट कायदेपंडितापेक्षां भाषेच्या अभ्यासकालाच आधीं दिसावी.

प्रत्येक वाङ्मयप्रकार वाचकाची वाट पाहत असतो. दुर्बोधांतल्या दुर्बोध कवितेलाहि कोणी समानधर्मा भेटेल अशी आशा असते. हा एकच प्रकार असा आहे कीं, त्याचें सारें यश तो न वाचला जाण्यांत आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या दोन संशोधकांनीं २००८ सालीं हिशेब मांडला होता: एका माणसानें वर्षभरांत पाहिलेल्या संकेतस्थळांचीं खाजगीपणाविषयींचीं निवेदनें खरोखर वाचावयाचीं म्हटलीं, तर त्यास वर्षाला दोनशेंहून अधिक तास लागतील. इंग्लंडमधील गेमस्टेशन नांवाच्या दुकानानें १ एप्रिल २०१० रोजीं आपल्या विक्रीच्या अटींत एक कलम घातलें कीं, ग्राहक आपला अमर आत्मा दुकानाच्या स्वाधीन करीत आहे. साडेसात हजारांच्या सुमारास ग्राहकांनीं तें मान्य केलें! थट्टाच ती, हा हक्क आपण बजावणार नाहीं असें दुकानानें पुढें जाहीर केलें. पण इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्यास येथें मार्लोचा डॉक्टर फॉस्टस् आठवल्यावांचून राहत नाहीं. त्यानें आत्मा विकला तो २४ वर्षांच्या मुदतीनें, मोबदला ठरवून, आणि सैतानाच्या दूतापुढें स्वतःच्या तोंडानें कलमें वाचून दाखवून. सोळाव्या शतकांतल्या सैतानाच्या व्यवहारांतहि वाचनाची ही पायरी गाळलेली नव्हती.

आतां या गद्याच्या शैलीकडे वळूं. पुढील वाक्य कोणा एका कंपनीचें नव्हे. पण अशा मजकुराच्या मराठी अनुवादांत या धर्तीचें वाक्य हटकून सांपडतें: ‘आपला अनुभव अधिक समृद्ध करण्यासाठीं आम्ही आपली कांहीं माहिती आमच्या विश्वासू भागीदारांबरोबर वाटून घेऊं शकतों.’ व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे. पण त्यांतील एकेक शब्द उचलून पाहावा. अनुभव समृद्ध करणें हें कवीचें काम. येथें त्याचा अर्थ जाहिराती दाखविणें एवढाच निघतो. ‘कांहीं’ म्हणजे किती, हें कोठेंच सांगितलेलें नसतें. ‘विश्वासू’ खरे, पण कोणाच्या विश्वासांतले? भागीदार कंपनीचे, आमचा त्यांच्याशीं परिचयहि नाहीं. आणि ‘वाटून घेणें’ हा मराठींतला केवढा गोड शब्दप्रयोग! आपल्या पानांतली भाकरी आपण शेजाऱ्याबरोबर वाटून घेतों. दुसऱ्याच्या पानांतली उचलून तिसऱ्यास दिली, तर त्या क्रियेस मराठींत अगदीं निराळें नांव आहे. शेवटीं राहिलें तें ‘शकतों’. हें क्रियापद परवानगी मागत आहे कीं आपलें सामर्थ्य सांगत आहे? वाचणाऱ्यास पहिलें वाटावें आणि न्यायालयांत दुसरें ठरावें, अशीच त्याची योजना दिसते.

पदवीच्या वर्गास एकदां असें एक पान रसग्रहणासाठीं दिलें असतां एका विद्यार्थिनीनें विचारलें, “सर, यांतला ‘तुम्ही’ कधीं बोलतच नाहीं का?” प्रश्न मार्मिक होता. या लेखनांत पात्रें दोनच, ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’. पहिलें पात्र पानेंच्या पानें बोलतें; दुसऱ्याच्या वाट्याला शेवटीं एकच वाक्य येतें, ‘मला मान्य आहे.’ संगीत नाटकांतल्या भालदारासहि याहून अधिक बोलावयास मिळत असे.

तेंहि वाक्य तो उच्चारीत नाहीं. कांचेवर अंगठा टेकवितो. अंगठ्याची ही कथा महाराष्ट्राला नवी नाहीं. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले, आणि तें लोण पुण्या-नगरकडील अनेक गांवांत पसरलें. त्यांचा मुख्य रोख होता तो कर्जरोख्यांवर. ते हिसकून घ्यावे आणि जाळावे, इतकेंच पुष्कळ ठिकाणीं घडलें. सरकारनें चौकशी बसविली, आणि १८७९ सालीं पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठीं शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. त्यांतील दोन गोष्टी आज मुद्दाम आठवाव्या अशा आहेत. एक, रोख्यावर अंगठा आहे एवढ्यावर न्यायाधीशानें थांबावयाचें नाहीं. रोख्याच्या पाठीमागें जाऊन व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावयाचा. दुसरी, शेतकऱ्याचा दस्त गांवच्या निबंधकाच्या देखरेखीखालीं लिहिला जावा आणि सही-अंगठ्यापूर्वीं तो मोठ्यानें वाचून दाखविला जावा. या कायद्यालाहि सावकारांनीं वाटा काढल्या. गहाणखताऐवजीं खरेदीखत लिहून घेण्याची युक्ति त्यांतलीच. तरी त्याच्या मुळाशीं एक समजूत होती ती खरी होती: अंगठा उठला म्हणजे माणसास कागद समजला असें होत नाहीं.

तो कुणबी निरक्षर होता, आपण पदवीधर आहों, असें कोणी म्हणेल. पण साडेदहा हजार शब्दांच्या पानापुढें, रिक्षा दारांत उभी असतांना, पदवीचा उपयोग किती? आणि वाचून, समजून, एखादें कलम खोडावयाचें मनांत आलें तरी लेखणी कोठें टेकवावी? निरक्षराला निदान कोणी वाचून दाखवावें लागतें, ही लाज कायद्यास होती. साक्षराच्या बाबतींत तीहि उरलेली नाहीं.

इंग्रजी कायद्यानें हा प्रश्न आगगाडीच्या संदर्भांत हाताळला. लंडनच्या चेअरिंग क्रॉस स्टेशनवर पार्कर नांवाच्या गृहस्थानें पिशवी ठेवली व पावती घेतली. पावतीच्या पाठीवर छापलें होतें कीं, दहा पौंडांपलीकडच्या मालाची जबाबदारी कंपनीवर नाहीं. पिशवी हरवली, ती अधिक किमतीची होती. १८७७ च्या निकालानें विचारावयाचा प्रश्न ठरवून दिला: त्या गृहस्थानें अट वाचली कीं नाहीं हा तो प्रश्न नव्हे, तर ती त्याच्या नजरेस यावी म्हणून कंपनीनें पुरेसें कांहीं केलें होतें काय, हा. निकाल त्या काळास समंजस होता. पण त्याचा मार्ग पुढें कोठें गेला तें पाहा. १९९६ सालीं अमेरिकेच्या एका अपील न्यायालयानें प्रोसीडी कंपनीच्या खटल्यांत ठरविलें कीं, दुकानांतून विकत आणलेल्या पेटीच्या आंत ज्या अटी निघतात त्याहि बंधनकारक आहेत. पसंत नसतील तर माल परत करावा. न्यायमूर्ति ईस्टरब्रुक यांचा युक्तिवाद निकामी नव्हे. विमा घ्या, विमानाचें तिकीट घ्या, पैसे आधीं व कलमें मागाहून, हा रोजचाच व्यवहार आहे, आणि लाखों गिऱ्हाइकांशीं एकेकट्यानें घासाघीस करावयाची तर मालाची किंमत वाढेल. हें आम्हांसहि मान्य आहे. साचेबंद करार असावा. तो वाचण्याजोगा असूं नये असें त्यावरून निष्पन्न होत नाहीं. २००२ सालीं नेटस्केपच्या खटल्यांत दुसऱ्या एका अपील न्यायालयानें म्हटलें कीं, अटी बटणाच्या खालीं, पान सरकविल्याशिवाय दिसणार नाहींत अशा ठेवल्या असतील, तर बटण दाबणें म्हणजे संमति नव्हे. त्यापासून कंपन्या चौकोन कोठें काढावा एवढेंच शिकल्या असें दिसतें.

या गद्याचा आमच्यासारख्या पुस्तकवेड्यांस झालेला प्रसाद २००९ सालचा. त्या जुलैंत ॲमेझॉननें आपल्या किंडल यंत्रांवरून ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या, ‘१९८४’ व ‘ॲनिमल फार्म’, दुरूनच पुसून टाकल्या. ज्यानें त्या विक्रीस ठेवल्या त्यास हक्क नव्हता हें कारण. पैसे परत केले गेले, कंपनीच्या प्रमुखानें पुढें स्पष्ट शब्दांत क्षमाहि मागितली. पण एक गोष्ट लपून राहिली नाहीं: वाचकानें ‘विकत घ्या’ हें बटण दाबलें होतें, आणि अटींच्या भाषेंत तें पुस्तक त्याला विकलेलें नव्हतेंच, नुसती वाचण्याची परवानगी होती. पुस्तकाच्या समासांत टिपणें लिहिणाऱ्यास हा भेद किती जिव्हारीं लागतो हें सांगावयास नको. टिपणें करणाऱ्या एका विद्यार्थ्यानें न्यायालयाचें दारहि ठोठावलें होतें. कॅलिफोर्नियांत १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा आहे कीं, केवळ परवाना देत असतां ‘विकत घ्या’ म्हणावयाचें असेल तर तसें स्पष्ट सांगावें. एका क्रियापदाचा अर्थ राखण्यासाठीं विधिमंडळास कायदा करावा लागला!

आपल्याकडची स्थिति पाहूं. २०१६ सालीं व्हॉट्सॲपनें आपलें धोरण बदललें तेव्हां जुन्या ग्राहकांस फेसबुकला माहिती जाहिरातींसाठीं देण्यास नकार देण्याची तीस दिवसांची सवड होती. २०२१ च्या धोरणांत ती नव्हती. घ्यावयाचें तर घ्या, नाहीं तर चालूं लागा. पण चालूं लागून जावें कोठें? सोसायटीची सूचना तेथें, मुलांच्या शाळेची तेथें, परदेशीं असलेल्या मुलीचा चेहरा तेथें. भारतीय स्पर्धा आयोगानें नेमकें हेंच ओळखून नोव्हेंबर २०२४ मध्यें कंपनीस २१३.१४ कोटि रुपयांचा दंड केला आणि जाहिरातींसाठीं माहिती देण्यास पांच वर्षांची बंदी घातली. नोव्हेंबर २०२५ मध्यें अपीलीय न्यायाधिकरणानें दंड कायम ठेवला, बंदी रद्द केली. आयोगाच्या विचाराचें मोल आम्हांस असें वाटतें कीं, त्यानें करार वाचला तो ग्राहकाच्या घराच्या उंबरठ्यावर उभें राहून.

ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा ‘अनुचित करार’ ही कल्पना प्रथमच ग्राहकाच्या हातीं देतो, हें त्याचें श्रेय. पण त्याच कायद्याच्या व्याख्येंत फुकट दिलेली सेवा ही सेवाच नव्हे! ज्या ॲपला आपण रुपया न देतां आपले सोबती, आपला रस्ता, आपली झोप यांची नोंद देतों, तेथें आपण ग्राहक ठरतों कीं नाहीं हा वाद त्या एका शब्दापाशीं उभा राहतो. मोबदला म्हणजे नाणेंच, ही समजूत बाजारांतून केव्हांच गेली. कायद्याच्या कोशांत ती अजून आहे.

व्यक्तिगत माहितीविषयींचा २०२३ चा कायदा मात्र आमच्या विषयाशीं थेट भिडतो, कारण त्यांत भाषेविषयीं एक तरतूद आहे. संमतीची सूचना इंग्रजींत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांतील २२ भाषांपैकीं कोणत्याहि भाषेंत वाचण्याची सोय ग्राहकास मिळाली पाहिजे, म्हणजे मराठींतहि. संमति मोकळी, विशिष्ट, समजून दिलेली, बिनशर्त व निःसंदिग्ध असावी, हीं विशेषणेंहि चांगलीं आहेत. याच कायद्यांत कंपनीस २५० कोटींपर्यंत दंड आहे, पण तो भारताच्या संचित निधींत जमा व्हावयाचा. ज्याची माहिती फुटली त्याच्या हातीं या कायद्यानें एक पैहि येत नाहीं. उलट त्याच्याकडून कर्तव्यांत चूक झाली तर दहा हजारांपर्यंत दंड आहे. माहिती तंत्रज्ञानाच्या जुन्या कायद्यांत भरपाईचें जें कलम होतें तें गाळण्याची तरतूदहि याच कायद्यांत आहे. सावकाराचा रोखा फाडल्यावर कुणब्यास निदान शेत परत मिळण्याची आशा असे.

या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले. सूचना व संमति यांविषयींच्या मुख्य तरतुदींस त्यांत १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे. म्हणजे लाखों मराठी घरांत पोंचणारें गद्य लिहिलें जावयाचें आहे. तें कोण लिहिणार? इंग्रजी मजकूर यंत्रांत घालून निघेल तें मराठी म्हणून पुढें ठेवलें गेलें, तर कायद्याचें अक्षर पाळलें जाईल आणि ‘वाटून घेऊं शकतों’ तसेंच राहील. भाषेच्या संस्थांनीं, विद्यापीठांतील मराठी विभागांनीं हें काम आपलें नव्हे असें म्हणूं नये. तोंवर वाचकांनीं एक करावें. अशी पहिली मराठी सूचना हातीं येईल तेव्हां घरांतल्या एकानें ती रात्रीं जेवणानंतर सर्वांना मोठ्यानें वाचून दाखवावी, आणि ‘भागीदार’ हा शब्द आला कीं थांबून ते कोणाचे, तें त्याच कागदांत शोधावें.