जेम्स वेल्स आणि गंगाराम तांबट

पेशवाईच्या उत्तरकाळीं पुण्यांत इंग्रजी धाटणीच्या चित्रकलेचा जो थोडासा उद्योग झाला, तो आपल्याकडे बहुधा एका वाक्यांत उरकण्यांत येतो. रेसिडेंट सर चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयास असलेल्या जेम्स वेल्स नांवाच्या साहेबानें येथें चित्रशाळा चालविली आणि गंगाराम तांबट प्रभृति एतद्देशीय कारागिरांस चित्रें काढावयास शिकविलें, असें तें वाक्य. तें खोटें नाहीं. परंतु त्यांतील ‘शिकविलें’ हें क्रियापद इतक्या निःशंकपणें यावें, हें आम्हांस पसंत नाहीं. ज्याला येथें गुरूच्या आसनावर बसविलें आहे, तो वेल्स स्वतःच बव्हंशीं गुरूवांचून तयार झालेला चित्रकार होता.

वेल्सचा जन्म १७४७ सालीं स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील पीटरहेड या गांवीं झाला. ॲबर्डीन येथील मारिशल कॉलेजांत तो शिकला, पण तें शिक्षण चित्रकलेचें नव्हे. टिनाच्या पत्र्यावर लोकांच्या तसबिरी रंगवून तो त्या अल्प किमतीस विकीत असे. पुढें लंडनास गेल्यावर तो देखाव्यांकडे वळला आणि तेथें त्यानें पूसाँच्या धाटणीचा आश्रय केला. पूसाँ हें नांव दोघांचें: सतराव्या शतकांत रोम येथें राहणारा फ्रेंच चित्रकार निकोला पूसाँ, आणि त्याचें आडनांव उचलणारा त्याचा मेहुणा गास्पार द्यूगे. इंग्लंडांतील देखावेकारांवर या मेहुण्याची छाप मोठी. या धाटणीचा सांगाडा ठरलेला असतो. पुढें एका कडेला गर्द छायेचें झाड, मध्यें पाणी किंवा एखादें जुनें बांधकाम, मागें फिकट होत जाणारे डोंगर. पाहणाऱ्याचा डोळा पायरीपायरीनें आंत नेला जातो. ज्याला शाळेचा लाभ नाहीं तो इतरांच्या चित्रांपासून शिकतो, आणि चित्रांपासून प्रथम हातीं लागतो तो असा सांगाडाच. त्यांत वेल्सला कमीपणा आहे असें आम्ही मानीत नाहीं. १७८८ आणि १७८९ सालीं रॉयल ॲकॅडमीच्या प्रदर्शनांत त्याच्या तसबिरी लागल्या होत्याच.

१७९१ सालीं तो मुंबईस उतरला. त्या बेटाचे व आसपासचे त्यानें काढलेले बारा देखावे पुढें लंडनांत छापून निघाले. हे देखावे गोड आहेत. समुद्र, बेटें, पलीकडची टेकडी हें सारें मुंबईनें आयतेंच मांडून ठेविलेलें. त्यावर पूसाँचा सांगाडा ठाकठीक बसतो. पण तो असा बिनतक्रार बसतो म्हणूनच आमचें मन त्यांत फारसें रमत नाहीं.

खरी कसोटी लेण्यांत लागली. १७९३ सालीं थॉमस डॅनियल व त्याचा पुतण्या विल्यम हे मुंबईस आले, आणि त्यांच्यासह वेल्स घारापुरी, कान्हेरी इत्यादि लेणीं हिंडला. नंतर तो वेरूळास गेला. ज्यांनीं कैलासलेणें पाहिलें आहे त्यांना येथील अडचण लगेच कळेल. तें डोंगराच्या माथ्यापासून खालीं खोदीत आणलेलें; चौकांत उभें राहिलें कीं तिन्ही बाजूंस तासलेला कडा. फिकट व्हावयास दूरचा डोंगर नाहीं, पाणी नाहीं. पुढलें झाड काढावें तर शिल्पच झांकलें जातें. येथें पाठ केलेलें सारें निरुपयोगी ठरतें. खांब मोजावे लागतात, सावली कोठून कोठवर पडते तें पहावें लागतें. आमच्या मतें वेल्स देखावेकार झाला तो येथें.

आतां गंगारामाकडे वळूं. पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंड्याचें त्यानें काढलेलें एक चित्र उपलब्ध असून त्यावर काळ आहे नोव्हेंबर १७९०. वाचकांनीं वरील सालाशीं हें ताडून पहावें. वेल्सचें पाऊल या देशाला लागण्यापूर्वीं पुण्यांतला एक मनुष्य प्रत्यक्ष जनावर समोर ठेवून त्याचें चित्र काढीत होता. मॅलेटची फर्माईश त्यामागें असेल, साहेबांकडील छापील चित्रेंही त्यानें पाहिलीं असतील. पण हात त्याचा अगोदरच बसलेला होता. आडनांव तांबट. तांब्याच्या सपाट पत्र्यांतून ठोक्याठोक्यानें गोलाई उठविणारांच्या जातींत जन्मलेल्या माणसास आकाराचें माप नव्यानें सांगावयास नको. एकाची सुरुवात टिनाच्या पत्र्यावर, दुसऱ्याचें कूळ तांब्याच्या पत्र्यावरचें. अशी ही गुरुशिष्यांची जोडी! यथादर्शनाचे नियम व पातळ शाईच्या छटांनीं छाया भरण्याची रीत गंगारामानें वेल्सपासून उचलली असावी. मात्र त्याच्या चित्रांत रेषा हीच मुख्य. उजेडाची मौज त्यांत कमी, कोठें कोठें तीं कोरडींही वाटतात; पण लेण्यास नटविण्याचा मोह त्यांत नाहीं, आणि वेल्सला जें कष्टानें टाकावें लागलें तें टाकण्याची पाळी गंगारामावर आलीच नाहीं.

ऑक्टोबर १७९५ मध्यें सवाई माधवराव गेले. त्यांची व नाना फडणविसांची प्रसिद्ध तसबीर काढणारा वेल्सही पुढच्याच महिन्यांत साष्टींत तापानें वारला. मॅलेटनें १७९७ सालीं पुणें सोडलें आणि १७९९ सालीं वेल्सची कन्या सुझाना हिच्याशीं विवाह केला; तेव्हां चित्रांचा संग्रह त्याच घराण्यांत राहिला. १८०३ सालीं वेरूळचे चोवीस देखावे लंडनांत प्रसिद्ध झाले. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर चित्रें वेल्सचीं व कोरीवकाम डॅनियलच्या देखरेखीखालचें असें आहे. गंगारामाचें नांव नाहीं. वास्तविक मॅलेटनें वेरूळास त्याच्याकडूनही चित्रें काढविलीं होतीं.

हीं चित्रें आज अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रांत आहेत. हॉली शॅफर या विदुषीनें तेथें २०११ सालीं प्रदर्शन मांडलें आणि २०२२ सालीं या काळावर ग्रंथ लिहिला, म्हणून गंगारामाचें नांव जगांतल्या अभ्यासकांना ठाऊक झालें. त्याच्या चित्रांचा, मराठी टिपांसह, चांगल्या कागदावर छापलेला संग्रह पुण्यांत निघावा अशी आमची इच्छा आहे. मूळ चित्र पहावयाचें म्हटलें तर पर्वतीच्या पायथ्याच्या शिकारखान्यांतल्या त्या गेंड्यासाठीं पुणेकरास न्यू हेवनपर्यंतचा प्रवास करावा लागतो.