स्वयंभू कोण, संख्या की तिचं लिहिणं?

दिवाळीत दर्यापूरला घरी होतो. चुलतभावानं मोबाइल पुढे केला. “दादा, हे पाय. बहात्तर लाख अंकांची मूळ संख्या, अन् वरून कापरेकरांची स्वयंभू! लय भारी ना?” मी चहा पीत “हो” म्हणून मोकळा झालो. खरं तर माझं उत्तर निम्मंच ‘हो’ आहे.

आधी स्वयंभू म्हणजे काय ते बघू. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांची ही कल्पना. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १५ + १ + ५ = २१, म्हणून १५ हा २१ चा जनक. २० ला असा जनकच नाही (करून बघा). ज्या संख्येला जनक नाही, ती स्वयंभू.

भावाची संख्या म्हणजे २ चा २,४०,३६,५८३ वा घात, वजा १. ती २००४ मध्ये सापडली, अंक ७२,३५,७३३. ती स्वयंभूही आहे हे २००६ मध्ये ल्यूक पेबडी यांनी दाखवलं.

ती मूळ आहे हे ठरवायला ल्यूकास-लेमर कसोटीत सुमारे २.४ कोटी वेळा राक्षसी वर्ग करावे लागतात. जनक शोधणं त्यामानानं किरकोळ. अंकांची बेरीज जास्तीत जास्त साडेसहा कोटी होणार, म्हणजे जनक असलाच तर तेवढ्याच अंतरात. शेवटची आठेक स्थानं सोडली तर बाकीचे लाखो अंक बहुतेक जागचे हलतही नाहीत. त्यात साधारण दर दहा संख्यांमागे एक स्वयंभू असतेच. तेव्हा माहीत असलेल्या पन्नासेक मर्सेन मूळ संख्यांत तीन-चार निघाल्या तरी नवल नाही.

माझा खरा आक्षेप पुढेच आहे. याच घराण्यातली धाकटी संख्या ३१ घ्या. ती २ चा ५ वा घात वजा १, मूळ, आणि दशमानात स्वयंभू. आता द्विमानात या. २८ म्हणजे १११००, अंकांची बेरीज ३, आणि २८ + ३ = ३१. जनक सापडला, स्वयंभूपण गेलं! ३१ चं मूळ असणं मात्र कशातही लिहा, तसंच राहतं. म्हणजे एक गुण संख्येचा, दुसरा आपल्या दहा बोटांचा. ‘स्वयंभू मूळ संख्या’ या नावात दोन्ही एकाच वजनानं बसवलेत, ते मला पटत नाही.

पण म्हणून कापरेकरांना मोडीत काढू नका. स्वयंभू संख्यांचं प्रमाण शून्याकडे न जाता एका ठराविक आकड्यावर स्थिरावतं, हे उम्बेर्तो झान्निएर यांनी १९८२ मध्ये सिद्ध केलं. एकेका संख्येच्या कौतुकापेक्षा मला हे कितीतरी मोलाचं वाटतं.

भावाला फोनवर हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मंग ५३ चं काय?” दशमानात स्वयंभू. द्विमानात ५० पासून तपास म्हटलं.