तरंगणे शिकवतो, उलटणे का नाही?

शालेय पुस्तकांतला आर्किमिडीजचा पाठ बहुधा ठरलेल्या साच्याचा असतो. मुकुटाची गोष्ट, प्लावक बल, आणि खिळा बुडतो पण जहाज का तरंगते याचे स्पष्टीकरण. मांडणी बरोबर आहे, पण अपुरी आहे. बोटीवर वजन किती, एवढेच हा पाठ विचारतो. ते किती उंचीवर आहे, हे विचारत नाही.

हा प्रश्न जिवावरचा आहे. ३० सप्टेंबर २००९ रोजी केरळात थेक्कडीच्या जलाशयात 'जलकन्यका' ही सहलीची दुमजली बोट उलटून ४५ जण दगावले. ७ मे २०२३ रोजी तानूर येथे मासेमारीच्या बोटीची सहलीसाठी केलेली दुमजली बोट उलटली. तीत माणसेही जास्त होती. २२ जण गेले, त्यांत अनेक मुले होती. मासेमारीत मासळी आणि बर्फ तळाशी राहतात; सहलीला आलेली माणसे मात्र वर चढतात.

उदाहरणादाखल ८ मीटर लांब, २ मीटर रुंद, पेटीच्या आकाराची बोट घेऊ. ती ४० सेंमी बुडाली आहे, म्हणजे वजन ६४०० किलो. गुरुत्वमध्य तळापासून ६० सेंमीवर आहे. बोट किंचित कलली की प्लावक बलाची उभी रेषा बोटीच्या मध्यरेषेला ज्या बिंदूत छेदते, तो मेटासेंटर. गुरुत्वमध्य त्याच्या खाली असेल तोवर बोट सावरते. येथे हे अंतर ४३ सेंमी आहे.

आता वर मजला बांधून त्यावर प्रत्येकी ६५ किलोची १० माणसे उभी करू. त्यांचा गुरुत्वमध्य तळापासून ३.२ मीटरवर धरू. बोट फक्त ४ सेंमी अधिक बुडते, पण ते अंतर १४ सेंमीवर येते. माणसे १५ झाली तर बोट एकूण ६ सेंमी अधिक बुडते आणि अंतर उरते जेमतेम १ सेंमी! मजल्याचे वजन यात धरलेलेच नाही. काठावरून पाहणाऱ्याला मात्र बोट छान तरंगताना दिसते.

बोटीत ऐसपैस जागा हवी असेल, तर उंचीऐवजी रुंदी वाढवावी. बोटीला सावरणारा आकाराचा परिणाम रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २ मीटरचे अडीच केले, तर तो जवळजवळ दुप्पट होतो.

वर्गात हे दाखवायला साबणाची डबी, पाच नाणी आणि दोऱ्याचे रिकामे रीळ पुरते. रीळ डबीत उभे ठेवून नाणी आधी तळाशी ठेवावीत, मग रिळावर. पाण्याची पातळी दोन्ही वेळा तीच राहते; डबीला हलकेच बोट लावल्यावर फरक कळतो. पाठात एवढा एक प्रयोग आला, तरी विद्यार्थी दुमजली बोटीत चढण्यापूर्वी क्षणभर थांबेल.