प्रशिक्षकाची बदली

हरणाऱ्या संघाच्या प्रशिक्षकाइतका निराधार मनुष्य सार्वजनिक जीवनात शोधूनही सापडणार नाही. संघ जिंकला तर श्रेय गोल करणाऱ्याचे. हरला तर दोष बाकावर बसलेल्याचा. कार्यालयात एखाद्या किरकोळ प्रकरणावरही दोन्ही बाजूंची टिपणे वाचल्याखेरीज सही न करणारे आमचे स्नेही सामना संपताच पाच मिनिटांत प्रशिक्षकास बडतर्फ करून मोकळे होतात. अमुक खेळाडूस का वगळले, तमुक गड्यास इतक्या उशिरा का उतरविले, एका गोलाची आघाडी असता सगळा संघ मागे का ओढला, या प्रश्नांना उत्तर नको असते. निकाल आधीच लागलेला असतो.

ही चीड लटकी आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. १९५६ पर्यंत नागपूर आणि रायपूर एकाच प्रांतात होते. पुढे सीमा सरकली, कित्येक मराठी घरे इथेच राहिली. बदलीवर येणाऱ्यांची त्यांत दरसाल भर पडते. अशा ठिकाणी आपल्याकडील शहराचे नाव अंगावर वागविणारा संघ हरला की ते घरचेच काही बिघडल्यासारखे वाटते. तेव्हा हळहळ खरी आहे. प्रश्न एवढाच की, टीका म्हणून ती कितपत टिकते?

उदाहरण पुण्याचेच घेऊ. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा एफसी पुणे सिटी हा तिच्या आठ संघांपैकी एक होता. बालेवाडीचे मैदान, गाठीशी पैसा, चित्रपटसृष्टीतील नामांकित भागीदार, कशाचीच वाण नव्हती. पहिल्या वर्षी फ्रँको कोलोम्बा हा इटालियन प्रशिक्षक आला, संघ सहावा. दुसऱ्या वर्षी इंग्लंडचा डेव्हिड प्लॅट, संघ सातवा. तिसऱ्या वर्षी कोलकात्यास पहिले विजेतेपद मिळवून देणारा स्पॅनिश अंतोनियो हबास. मागच्या हंगामातील वर्तनामुळे त्याच्यावर बंदी होती, म्हणून पुण्याच्या पहिल्या काही सामन्यांत त्याला बाकावर बसण्याचीही मुभा नव्हती. संघ पुन्हा सहावा. चौथ्या वर्षी सर्बियाचा रांको पोपोविच आला आणि संघ प्रथमच चौथ्या स्थानावर पोचून उपांत्य फेरीत गेला. मार्च २०१८ मध्ये बालेवाडीस बंगळूरशी गोलशून्य बरोबरी झाली. परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीने तीन गोल केले आणि पुण्याचा ३–१ असा पराभव झाला. पुढच्या हंगामास पोपोविचही नव्हता. त्याच्या जागी आलेला मिगेल आंखेल पोर्तुगाल हा स्पॅनिश गृहस्थ तीन सामन्यांनंतर, एक गुण खात्यावर असता, घरी गेला. मग प्रद्युम्न रेड्डी यांच्याकडे कार्यभार (आमच्या वाचकांस ‘प्रभारी’ या शब्दातील सारा करुणरस वेगळा सांगावयास नको), आणि डिसेंबर २०१८ मध्ये इंग्लंडचा फिल ब्राउन. संघ सातवा. २०१९ मध्ये क्लबच गुंडाळला गेला.

पाच हंगाम, सात प्रशिक्षक. एखाद्या जिल्ह्यात पाच वर्षांत सात जिल्हाधिकारी आले-गेले आणि तेथील कालव्याचे काम पुरे झाले नाही, तर आमचे वाचक दोष सातव्यास देतील काय? ते आधी बदलीचे हुकूम कोणी काढले हे पाहतील. फुटबॉलमध्ये नेमकी तीच फाईल कोणी उघडत नाही. प्रशिक्षकाचा चेहरा दर आठवड्यास दिसतो. त्याला नेमणाऱ्याचा चेहरा नेमणुकीच्या दिवशी, हारतुऱ्यांसह, एकदाच दिसतो.

आता कोणी म्हणेल, सातही जण नालायक असतील. पण मग हबासचे काय करावे? पुण्यात ज्याला संघ सहाव्या स्थानापलीकडे नेता आला नाही, तोच मनुष्य कोलकात्यास परतला आणि २०२० साली त्याच स्पर्धेचे विजेतेपद त्याने दुसऱ्यांदा मिळविले. गृहस्थाची कडक शिस्त, बचावाकडे झुकणारी वृत्ती, सामन्याच्या वेळी कडेला उभे राहून आरडाओरडा करण्याची सवय, यांपैकी काहीही मधल्या काळात पालटले नव्हते. पुण्यात ज्याला लोक भित्रेपणा म्हणाले, त्यालाच कोलकात्यात धोरण हे नाव मिळाले.

मुंबईची कथा याहून बोचणारी आहे. २००७ साली स्थापन झालेल्या मुंबई एफसीला खालिद जमील यांनी कित्येक हंगाम आय-लीगच्या मधल्या जागांवर टिकवून धरले. तुटपुंज्या पैशात बांधलेला, कष्टाळू, प्रेक्षणीय नव्हे पण सहज न हरणारा असा तो संघ होता. असला खेळ कंटाळवाणा आहे ही तक्रार जुनीच. २०१६–१७ च्या हंगामास त्यांच्याजागी दुसरी व्यवस्था झाली. ती जमेना म्हणून हंगामाच्या मध्येच तिसरी. मुंबईचा संघ शेवटचा आला, खाली घसरला आणि पुढे नाहीसाच झाला. जमील त्याच हंगामात मिझोरामच्या ऐझॉल संघाकडे गेले होते. आदल्या वर्षी तो संघ घसरला होता. गोव्याचे संघ स्पर्धेतून बाहेर पडल्यामुळेच त्याला परत जागा मिळाली होती. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगला १–१ अशी बरोबरी करून तो ३७ गुणांनी भारताचा विजेता ठरला; मोहन बागानला ३६ मिळाले. एकाच स्पर्धेच्या तक्त्यावर सर्वांत वर जमील यांचा नवा संघ आणि सर्वांत खाली जुना! यावर कूपरेजच्या पायऱ्यांवरील टीकाकारांनी काय म्हणावे? आम्हांस वाटते, निदान काही काळ तरी गप्प बसावे.

निर्णय आणि निकाल या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे साहित्याच्या समीक्षेत आपण केव्हाच मान्य केले. नायक शेवटी मेला म्हणून कादंबरी वाईट ठरत नाही. खेळात मात्र शेवटचे पान पाहून ग्रंथाचा निवाडा होतो. १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये जर्नैलसिंग या बचावपटूच्या डोक्यास खोक पडली, टाके घालावे लागले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला उपांत्य सामन्यात पुन्हा उतरविले, आणि तेही बचावात नव्हे, आघाडीस! त्याने तेथे गोल केला आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यातही केला. भारत २–१ असा जिंकून सुवर्णपदकाचा मानकरी झाला. त्याचा एखादा फटका खांबाला लागून परतता, तर जखमी मनुष्यास पणास लावणारा म्हणून रहीम यांचे नाव आज कोणत्या सुरात घेतले गेले असते? निर्णय तर तोच राहिला असता. पेशाने शिक्षक असलेल्या रहीम यांना १९५० पासून १९६३ मध्ये मृत्यू येईपर्यंत राष्ट्रीय संघाची धुरा वाहावयास मिळाली, हेही विसरता कामा नये. १९५१ चे सुवर्ण, १९५६ च्या मेलबर्नमधील चौथा क्रमांक, १९६२ चे सुवर्ण. मध्ये १९५८ च्या टोकियोत पदक हुकले. तरी मनुष्य जागेवर राहिला. तेव्हाची फुटबॉल संघटना विशेष शहाणी होती असा आमचा समज नाही. पण तिने हात आखडता ठेवला, हे खरे.

याचा अर्थ प्रशिक्षकावर टीकाच करू नये असा कोणी घेतला तर तो आमचा आशय नव्हे. बालेवाडीच्या पहिल्या तीन हंगामांवर आमचाही आक्षेप आहे. फक्त तो बदली खेळाडू साठाव्या मिनिटास उतरविला की सत्तराव्या, याविषयीचा नाही. त्या काळी नियमाने मैदानावर एका वेळी सहा परदेशी खेळाडू चालत. २०१७ मध्ये ही संख्या पाचावर आली. हे सहा कोठे खेळवावयाचे, ही मुभा प्रशिक्षकाची होती. बहुतेक संघांनी संघाचा कणाच परदेशी ठेवला: मधला बचावपटू, मधल्या फळीचा सूत्रधार, आणि गोल करणारा. भारतीय पोरांच्या वाट्यास कडा आल्या. पुण्याने २०१४ साली १९९८ च्या विश्वविजेत्या फ्रेंच संघातील दाव्हिद त्रेझेगे आणला, २०१५ मध्ये रुमानियाचा आद्रियान मुतू. दोघेही पस्तिशी ओलांडलेले. नाव मोठे, तिकिटे खपणारी. पण ज्या जागेवर ते उभे राहिले ती जागा शिकण्यासाठी एखाद्या विशीतील मुलास आणखी कोणती शाळा होती? एका वर्षाच्या करारावर आलेला प्रशिक्षक पाच वर्षांनी फळणारे झाड लावणार नाही, हे उघड आहे. पोपोविचने आशिक कुरुनियनसारख्या मुलास खेळविले आणि तो पुढे भारताकडून खेळला, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. तोही कडेचाच खेळाडू.

त्या शाळेच्या अभावाचा हिशेब राष्ट्रीय संघाच्या खात्यावर निघाला. २०२४ मध्ये भारताने अकरा सामने खेळले आणि एकही जिंकला नाही. जून २०२४ मध्ये निवृत्त झालेल्या छेत्रीस मार्च २०२५ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, परत बोलवावे लागले. त्या वेळचे प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांच्यावर या एका गोष्टीवरून पुष्कळ तोंडसुख घेतले गेले. आमच्या मते त्यांच्यावरील खरा आक्षेप वेगळा होता: ते एकाच वेळी एफसी गोवाही सांभाळीत होते, आणि दोन खुर्च्यांचा कार्यभार एका माणसाकडे देणारा हुकूम त्यांनी स्वतः काढलेला नव्हता. छेत्रीची जागा घेणारा कोण, हे मात्र टीकाकारांनाही सांगता आले नाही. दहा वर्षे आघाडीची जागा परक्यांना भाड्याने दिल्यावर ते सांगता येणार तरी कसे?

हेच मार्केझ पुण्याच्या गोष्टीचा उत्तरार्धही आहेत. पुण्याचा क्लब मिटला तेव्हा त्याची जागा हैदराबादने घेतली. बरेच खेळाडू तिकडे गेले, फिल ब्राउनही गेला. पहिल्या हंगामात संघ तळाला, दहावा. जानेवारी २०२० मध्ये ब्राउनची गच्छंती. तोपर्यंत सगळे पुण्यासारखेच. मग मार्केझ आले. पहिल्या वर्षी हैदराबाद पाचवे राहिले आणि बाद फेरी थोडक्यात हुकली. पुण्याच्या रिवाजाने एवढ्यावर बदलीचा कागद निघावयास हरकत नव्हती. तो निघाला नाही. २० मार्च २०२२ रोजी गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर केरळविरुद्ध बरोबरीनंतर पेनल्टीवर हैदराबाद विजेते ठरले, आणि मार्केझ पुढचाही हंगाम तेथे राहिले.

बस्तरातील नारायणपूरच्या रामकृष्ण मिशन आश्रमाच्या मैदानावर २०२४ साली वीस वर्षांखालील मुलांची राष्ट्रीय स्पर्धा झाली. रायपुरातील आमच्या फुटबॉलप्रेमी मंडळींपैकी कितीजण चार-पाच तासांचा हा प्रवास करून तिकडे गेले, हे विचारण्याचे धाडस आम्ही करीत नाही. मधल्या जागेवर खेळणारी आपली मुले पाहावयाची असतील तर ती अशाच मैदानांवर दिसतात, दूरदर्शनच्या पडद्यावर नव्हे.

ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय संघ खालिद जमील यांच्याकडे आला. ऑक्टोबरच्या १४ तारखेस त्याच फातोर्ड्याच्या मैदानावर सिंगापूरने एक गोलाची पिछाडी भरून काढून भारतास २–१ असे हरविले आणि आशिया चषकाचे दार बंद झाले. नेमणुकीस अडीच महिनेही झाले नव्हते. पण आमच्या मंडळींत त्यांच्या बदलीची चर्चा दुसऱ्याच दिवशी सुरू झाली होती.