वाघ दिसला का?

गेल्या नाताळच्या सुट्टीत आमच्या धर्मग्रामातील चार कुटुंबे ताडोबाच्या जंगलात जाऊन आली. परतल्यावर जो भेटेल त्याने एकच प्रश्न विचारला, "वाघ दिसला का?" आम्ही "नाही" म्हणताच, एखाद्याचे नुकसान झाल्यावर उमटावी तशी सहानुभूती विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर उमटे. आम्ही रानगवे पाहिले होते, रानकुत्र्यांची टोळी पाहिली होती, तलावाच्या काठी ऊन खात पडलेली मगर पाहिली होती. त्याबद्दल कोणी विचारले नाही. आणि खेदाची गोष्ट अशी की आम्हीही आपण होऊन काही सांगितले नाही.

या प्रश्नाने मनात घर केले म्हणून गेल्या काही वर्षांतील दिवाळी अंकांत वाचलेली सफारीची वर्णने मी पुन्हा काढून वाचली. बहुतेकांचा साचा एकच आहे. पहाटेची थंडी, प्रवेशद्वारावरची जीपगाड्यांची रांग, वाटाड्याने दिलेला धीर, पहिल्या दोन फेऱ्यांतील निराशा आणि शेवटच्या फेरीत अचानक घडणारे 'वनराजाचे दर्शन'. पहिला परिच्छेद वाचताच शेवटचा कळतो. या लेखनात वाघ हे पात्र नसते, ते बक्षीस असते. आणि ते मिळेपर्यंतचे सारे जंगल म्हणजे केवळ वाट पाहण्याची जागा. 'सफारी' हा शब्द स्वाहिली भाषेतून आला. त्याचे मूळ अरबी असून आपल्या 'सफर' या शब्दाचेही तेच मूळ आहे. त्याचा अर्थ प्रवास. आपल्या वर्णनांतून नेमका तो प्रवासच हरवला आहे.

या विषयावरचे चांगले साहित्य याहून फार वेगळे आहे. जिम कॉर्बेटचे 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' हे पुस्तक १९४४ साली प्रसिद्ध झाले. शिकारकथा म्हणून ते आपण लहानपणी वाचतो. मोठेपणी वाचले तर ध्यानात येते की त्यात वाघ डोळ्यांना फार थोडा वेळ दिसतो. पानेच्या पाने भरली आहेत ती पावलांच्या ठशांनी, दबलेल्या गवताने, माकडांच्या आणि पाखरांच्या इशाऱ्यांनी. कॉर्बेट जंगल वाचतो, आणि वाघ हा त्या वाचनाचा शेवटचा शब्द असतो. चंपावतची नरभक्षक वाघीण त्याने १९०७ साली मारली. तिने ४३६ माणसांचे बळी घेतल्याचे तो सांगतो. पण कथा तेथे संपत नाही. बंदुकीच्या जुन्या जखमेने तिचे उजव्या बाजूचे सुळे मोडले होते, त्यामुळे तिला नेहमीची शिकार साधेना, हेही तो नोंदवतो. क्रौर्याचे मूळ माणसाच्या हातातील बंदुकीपर्यंत नेऊन पोहोचवणारी ही दृष्टी शिकाऱ्याच्या पलीकडची आहे. त्याच्या लेखनाला मर्यादा आहेच. त्याचे पहाडी गावकरी शूर आणि सोशिक आहेत, परंतु सुटका मात्र बहुधा साहेबाच्या येण्यानेच होते. तरीही त्यांचे भय तो पानाबाहेर ठेवत नाही.

मराठीत व्यंकटेश माडगूळकरांनी या वाटेवर निराळे पाऊल टाकले. दूरच्या देशातील अरण्याचे स्वप्न बाजूला ठेवून ते विदर्भातील नागझिऱ्यात जाऊन राहिले आणि त्या मुक्कामातून 'नागझिरा' हे पुस्तक आले. स्वतः चित्रकार असल्याने त्यांची नजर मोठ्या जनावराच्या शोधात धावत नाही. जे समोर येईल त्यावर ती ठरते. पुढे १९८२ साली त्यांनी 'सत्तांतर' ही वानरांच्या टोळ्यांवरची छोटी कादंबरी लिहिली. तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्या वानरासाठी कोणताही प्रवासी आज गाडी थांबवायला सांगणार नाही, त्याच्या जीवनात त्यांना सत्तेचा संघर्ष आणि पिलांचा मृत्यू दिसला. दुर्मिळ काय आणि सामान्य काय, हे प्राण्यावर नव्हे तर पाहणाऱ्यावर अवलंबून असते, याचा याहून चांगला पुरावा मराठीत मला माहीत नाही.

न दिसण्याचे मोल सांगणारे पुस्तक मात्र परदेशी आहे. अमेरिकन लेखक पीटर मॅथिसन १९७३ साली प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शेल्लर याच्याबरोबर नेपाळच्या डोल्पो भागात पायी गेला. शेल्लरला तेथील भरल म्हणजे निळ्या मेंढ्यांचा अभ्यास करायचा होता. दोघांनाही हिमबिबट्या दिसण्याची आशा होती. मॅथिसनची पत्नी कर्करोगाने वारली त्याला अजून दोन वर्षेही झाली नव्हती, आणि लहान मुलगा त्याने मागे ठेवला होता. 'द स्नो लेपर्ड' हे त्याचे पुस्तक १९७८ साली निघाले. पुस्तकाच्या नावात जो प्राणी आहे, तो लेखकाला अखेरपर्यंत दिसत नाही. ठसे दिसतात, खुणा दिसतात. तो दिसत नाही. तरी पुस्तक अपुरे वाटत नाही, कारण लेखकाने आपले दुःख, आपली अधीरता आणि मुलाबद्दलची अपराधी जाणीव लपवलेली नाही. आपल्या साच्यात बसवले असते, तर हे पुस्तक लिहिलेच गेले नसते.

कोणी म्हणेल, ही साहित्याची चर्चा झाली, जंगलाशी तिचा काय संबंध? संबंध आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट प्रवाशांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. वाटाड्यांवर आणि चालकांवर कारवाई झाली. ती योग्यच होती. पण गाडीत बसून "आणखी जवळ घ्या" म्हणणारे आपणच असतो, आणि "दिसला का?" विचारून आपल्याला तेथे पाठवणारेही आपलेच असतात.

सफारी बंद करावी असे माझे म्हणणे नाही. २००६ च्या गणनेत देशात १,४११ वाघ असल्याचा अंदाज होता, २०२२ च्या गणनेत तो ३,६८२ वर गेला. या वाढीमागे अनेक कारणे आहेत. पण लोकांच्या ओढीने वाघाला पाठीराखे मिळाले आणि जंगलाकाठच्या गावांतील तरुण-तरुणींना रोजगार मिळाला, हे नाकारता येत नाही.

तथापि त्याच गावांत हा प्रश्न वेगळ्या आवाजात विचारला जातो. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही परिसरात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. पहाटे रानात शिरणारी बाई "वाघ दिसला का?" असे विचारते तेव्हा तिला "नाही" हेच उत्तर हवे असते. आमच्या वर्णनांत ही बाई नाही. कॉर्बेटच्या पुस्तकात तिच्यासारख्या स्त्रिया पानोपानी आहेत. ऐंशी वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्याला जे दिसले ते आजच्या प्रवाशाला दिसू नये, ही आपल्या लेखनाची खरी उणीव आहे.

आमच्या वाटाड्याने एका वळणावर गाडी थांबवून इंजिन बंद करायला लावले होते. लांबून वानराचा खाकरल्यासारखा इशारा येत होता. दहा मिनिटे आम्ही श्वास रोखून बसलो. मग आवाज थांबला. "गेला," तो म्हणाला. आमच्यापैकी एकाने कपाळाला हात लावला. वाटाड्या हसून म्हणाला, "साहेब, इकडून गेला ते बरं झालं. पलीकडं आमचं गाव आहे. अंधार पडल्यावर तिकडं कोणी एकटं शेतावर जात नाही."

आमच्या सहलीतील सर्वांत मोलाचे वाक्य हेच होते, आणि घरी आल्यावर आम्ही ते कोणालाच सांगितले नाही. पुढच्या उन्हाळ्यात वाचकांपैकी कोणी ताडोब्याला किंवा नागझिऱ्याला जाऊन या त्रैमासिकासाठी लिहिणार असेल, तर वाघ दिसो वा न दिसो, वाटाड्याशेजारी बसावे, त्याच्या गावाचे नाव विचारावे, त्याने काय ऐकले ते विचारावे, आणि लेखाची सुरुवात तेथून करावी.