बाई पौरोहित्य करते, पण तिला ‘ऑर्डर’ कोण देतं?

माझ्या पीएच.डी.चा विषय आहे स्त्रिया आणि पौरोहित्य. गणपतीचे दिवस आले की वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते : ‘महिला पुरोहितांनी मोडली पुरुषांची मक्तेदारी’. हेच वाक्य थोड्या जड भाषेत काही प्रबंधांतही सापडतं. आज मला त्या एका वाक्याची तपासणी करायची आहे. बायका पौरोहित्य करतात यात शंकाच नाही. निगडी प्राधिकरणातली वास्तुशांत असो की चिखलीतल्या नव्या फ्लॅटमधला सत्यनारायण, बाई पोथी घेऊन बसलेली आता कुणाला नवल वाटत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे : मोडलं नेमकं काय, आणि शाबूत काय राहिलं?

आधी थोडं लांबचं उदाहरण घेऊ, म्हणजे आपलं वेगळेपण दिसेल. अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चमध्ये पगारी भटजींचा वर्ग नाही. मुलगा बाराच्या सुमाराला आला की त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला पौरोहित्याची पहिली पायरी दिली जाते. मुलीला मिळत नाही. बायकांची ‘रिलीफ सोसायटी’ १८४२ पासून आहे, सुरुवातीच्या काळात बायका आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थनाही करत, पण अधिकारपद पुरुषांकडेच राहिलं. कृष्णवर्णीय पुरुषांना ते मिळायला १९७८ साल उजाडावं लागलं. २०१३ मध्ये केट केली आणि तिच्या सोबतिणींनी ‘ऑर्डेन वुमन’ ही मोहीम सुरू केली. जून २०१४ मध्ये चर्चने केलीला बहिष्कृत केलं. त्याच परंपरेतून फुटलेल्या दुसऱ्या चर्चने, आज ज्याला ‘कम्युनिटी ऑफ क्राइस्ट’ म्हणतात त्याने, मात्र १९८४ मध्ये निर्णय घेतला आणि १९८५ पासून स्त्रियांना दीक्षा दिली. म्हणजे तिथे दार कुठे आहे, किल्ली कुणाकडे आहे, हे स्पष्ट आहे. उघडलं तर तारीख सांगता येते.

आपल्याकडे असं एकच दार नाही. साकोरीला उपासनी महाराजांनी कन्याकुमारी स्थान काढलं आणि तिथल्या कन्या १९३०च्या दशकापासून वेदमंत्र म्हणत यज्ञ करू लागल्या. पुण्यात शंकरराव थत्ते, म्हणजे थत्ते मामा, यांनी १९७०च्या दशकात बायकांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली. पुढे ज्ञान प्रबोधिनीने जात आणि लिंग न बघता प्रशिक्षण सुरू केलं, मंत्रांचा अर्थ मराठीत सांगायची पद्धत रुजवली. यांपैकी कुणालाही वरून परवानगी काढावी लागली नाही. टीका झाली, टोमणे बसले, पण बहिष्कृत करणारं केंद्रीय कार्यालयच नव्हतं. आपल्याकडच्या अभ्यासक मंडळींना इथे अभिमान वाटतो : बघा, आपला धर्म किती लवचीक! माझं पहिलं भांडण इथेच आहे.

कारण बाईला बोलावलं कुणी? यजमानाने. आणि गुरुजी निवडायचा यजमानाचा हक्क धर्माच्या लवचीकपणातून आलेला नाही, तो भांडून मिळवलेला आहे. पूर्वी गावजोशाचं वतन असे. लग्न त्याच्याकडून लावून घेतलं नाही, तरी तो दक्षिणेसाठी कोर्टात दावा लावू शकत असे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी ब्राह्मण पुरोहिताशिवाय लग्न लागलं. चाकणवरून नाशिक रस्त्याने वर गेलं की पुढे जुन्नर तालुक्यात ओतूर लागतं. तिथल्या बाळाजी कुसाजी पाटलांनी १८८०च्या दशकात असंच केलं, तर जोशी कोर्टात गेला आणि प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत पोचलं. शेवटी सी. के. बोले यांनी लावून धरलेल्या विधेयकाचा १९२६ साली कायदा झाला आणि न बोलावलेल्या पुरोहिताचा दक्षिणेवरचा हक्क गेला. आज रावेतमधलं एखादं कुटुंब ‘आपण बाईंनाच बोलावू या’ असं सहज म्हणतं, तेव्हा ते या भांडणाच्या जोरावर म्हणतं. महिला पुरोहितांवरच्या लेखनात ओतूर जवळजवळ कुठेच येत नाही, हे मला खटकतं.

त्याऐवजी काय येतं? गार्गी आणि मैत्रेयी. ‘वेदकाळात स्त्रियांना अधिकार होता, मधल्या काळात गेला, आता परत मिळतोय.’ हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे, पण कच्चा आहे. गार्गीने याज्ञवल्क्याला भर सभेत प्रश्न विचारले, वास्तुशांती केल्या नाहीत. शिवाय जुन्या ग्रंथांतून परवानगी काढायला गेलं की समोरचाही ग्रंथ उघडतो. हारीताच्या नावावरचं ब्रह्मवादिनींचं वचन तुम्ही दाखवलंत, तर तो मनुस्मृती काढून म्हणतो की स्त्रीचा विवाह हीच तिची मुंज. या खेळाला शेवट नाही. फुल्यांच्या बाजूला हा घोळ नाही : माणसाला आपला विधी करायला मध्यस्थ लागत नाही, आणि लागलाच तर तो कोण हे माणूस ठरवेल. स्त्रियांना हा युक्तिवाद जास्त उपयोगी आहे. तो वापरला जात नाही, कारण तो घेतला की जातीचा प्रश्नही सोबत घ्यावा लागतो.

दुसरं भांडण कौतुकाशी आहे. या बायकांची स्तुती वाचा : वेळेवर येतात, दक्षिणेची घासाघीस करत नाहीत, विधी आटोपशीर करतात, गोड बोलतात. सगळं खरं असेल. पण भोसरी-चाकण पट्ट्यात राहणाऱ्या वाचकांनो, ही भाषा ओळखीची वाटत नाही का? कंत्राटी कामगाराचं कौतुक सुपरवायझर असंच करतो. लाइन तीच, काम तेच, हात तितकाच सराईत, फक्त कायम झाल्याची ऑर्डर नाही. ‘तुमचा अभ्यास दांडगा आहे, या शंकेवर तुमचा निर्णय काय?’ असं बाईंना विचारलं जातं का? पाळीच्या दिवसांत काय करता, हे मात्र विचारलं जातं.

हा फरक दिसतो देवळात. घरी यजमान निवडतो, गाभाऱ्यात नाही. तिथे पूजेचा हक्क वंशाने, वहिवाटीने किंवा ट्रस्टच्या नेमणुकीने येतो. पंढरपूरचं पाहा. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपवणारा कायदा १९७३चा, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शेवटची मोहोर उठवली जानेवारी २०१४ मध्ये. त्यानंतर काही महिन्यांतच मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी सर्व जातींच्या आणि स्त्रियांच्याही मुलाखती घेतल्या. तिकडे केलीला बहिष्कृत केलं, तेही याच सुमाराला. पंढरपूरचं दार ज्ञानाने उघडलं नाही, बायकांना मंत्र तर आधीपासून येत होते. उघडलं ते नेमणूक करणारा हात बदलला म्हणून.

‘पण बाईच्या तोंडून मंत्र येणं हाच मोठा बदल नाही का?’ असं तुम्ही म्हणाल. आहे, आणि तो मी कमी लेखत नाही. पूजेला बसलेल्या आठ वर्षांच्या मुलीला आसनावर बाई दिसते, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र आवाज बदलला आणि पोथी तीच राहिली, तर त्याच मुलीचं पुढे ‘दान’ होईल, आणि ते दान एक बाईच उच्चारेल. सत्यशोधकी लग्नात फुल्यांनी आधी शब्द बदलले होते, त्यांच्या मंगलाष्टकांत वधू स्त्रियांच्या हक्कांबद्दल बोलते. म्हणून माझ्या प्रबंधात मी ‘बाई आहे की पुरुष’ एवढंच मोजत नाही. तीन गोष्टी वेगवेगळ्या बघते : मंत्र कोण म्हणतं, पोथीत काय आहे, आणि नेमणूक कुणाच्या हातात आहे. घरगुती पौरोहित्यात पहिली गोष्ट बरीच बदलली, दुसरी थोडीशी, आणि तिसरी गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी अडली आहे.

तेव्हा पुढच्या भाद्रपदात ‘मक्तेदारी मोडली’ असं वाचलंत, तर तुमच्या सोसायटीतल्या किंवा जवळच्या देवळाच्या ट्रस्टला एक साधा प्रश्न विचारा : पुजारी नेमायची वेळ आली तर बाईंचा अर्ज घ्याल का? आणि काय उत्तर आलं ते खाली जरूर लिहा.