ब्राँझला बुंधा कशाला?

व्हॅटिकनमधल्या अपोलो बेल्व्हेदेअरच्या उजव्या पायाला लागून झाडाचा एक बुंधा आहे आणि त्यावर साप चढतोय. अपोलोने पायथॉन सर्पाला मारल्याची कथा असल्यामुळे साप तिथे शोभून दिसतो, आणि बुंध्याबद्दल कोणी फारसं विचारत नाही. पण बुंधा काही कथेसाठी आलेला नाही. हा पुतळा संगमरवरी आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला, रोमन. त्याचं मूळ ग्रीक शिल्प ब्राँझचं होतं, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. संगमरवर दाब सोसतो, ताण सोसत नाही. सगळा भार दोन घोट्यांवर टाकला की तडकतो. म्हणून कारागिरांनी आधार जोडला. आतून पोकळ, ओतीव ब्राँझला त्याची गरज नसते.

आता याच अपोलोच्या एकोणिसाव्या शतकातल्या ब्राँझ प्रतिकृती बघा. धातू परत आला, तरी बुंधा आपला जागच्या जागी. सापासकट.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे हा प्रकार ओळखीचा वाटला. एका मशीनच्या मर्यादेसाठी लिहिलेला जुगाड मशीन बदललं तरी कोडमध्ये राहतो, कारण तो काढल्यावर काय मोडेल याची कोणालाच खात्री नसते.

या प्रतिकृतींना लोक ‘दिवाणखान्याची शोभा’ म्हणून नाकं मुरडतात. माझी तक्रार तीनाही. नक्कल करण्यात मला काही गैर वाटत नाही, प्रश्न नक्कल कशाची केली हा आहे. पॅरिसमध्ये १८३८ साली फर्दिनां बार्बेदिएनने आशिल कोलासशी भागीदारी केली. कोलासचं यंत्र पँटोग्राफच्या तत्त्वावर चालायचं: एक सुई शिल्पाच्या पृष्ठभागावरून फिरवायची, तिला जोडलेलं हत्यार तोच आकार ठरावीक प्रमाणात लहान करून प्लास्टरमध्ये कोरणार. त्यावरून साचा, साच्यातून ब्राँझ. १८२० मध्ये सापडलेली, दोन मीटरहून उंच व्हीनस द मिलो अशी वेगवेगळ्या मापांत घरोघरी पोचली. पायथ्यावर कोलासचा गोल शिक्का असे: हे लघुकरण यंत्राने केलंय, निश्चिंत राहा. तुटलेल्या हातांची टोकंही धातूत इमानदारीने उतरली. प्रमाणं सगळी बरोबर आहेत, पण चेहरा मला रिकामा वाटतो. मोठ्या पुतळ्यात पापणीखाली जी सावली पडते, ती सुईला सापडत नाही.

(शिल्प लहान करून दूर पाठवणं त्याआधीही होतंच. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत १९४०च्या दशकात सापडलेला छोटासा ब्राँझचा पोसायडन रोमन काळातला, ग्रीक वळणाचा. टाऊन हॉल संग्रहालयात तो बघायला मिळतो.)

नेपल्सचे ओतारी आणखी एक पाऊल पुढे गेले. पॉम्पेई आणि हर्क्युलेनियममधल्या ब्राँझच्या नकला तिथे गिऱ्हाइकाच्या पसंतीच्या रंगात मिळत: ‘पॉम्पेई’ म्हणजे हिरवट, ‘हर्क्युलेनियम’ म्हणजे गडद. व्हेसुव्हियसखाली शतकानुशतकं गाडलं गेल्यावर धातूवर जे चढलं, ते रसायनं लावून चढवायचं. इथे शिल्पाची नक्कल संपते आणि त्याच्यावर ओढवलेल्या प्रसंगाची सुरू होते.

कारण मुळात ही ब्राँझं हिरवी नव्हतीच. १९७२ मध्ये रिआचेजवळ समुद्रातून दोन ग्रीक योद्धे वर आले. ओठ तांब्याचे, एकाचे दात चांदीचे, आणि बुंध्याबिंध्याची भानगड नाही. आपल्याच पायांवर उभे. अशी ब्राँझं एकेकाळी शेकड्यांनी होती. बहुतेक वितळवून गेली, कारण धातूला नेहमीच दुसरा उपयोग असतो.

म्हणून मला अँटिको जास्त जवळचा वाटतो. पिएर याकोपो आलारी बोनाकोल्सी, मांतुआच्या गोन्झागा दरबाराचा शिल्पकार. ‘अँटिको’, म्हणजे ‘प्राचीन’, हे त्याला पडलेलं नाव. १५००च्या आसपास त्याने रोममधल्या प्रसिद्ध ‘काटा काढणाऱ्या मुला’ची लहान ब्राँझ आवृत्ती केली. रिआचेचे योद्धे तेव्हा समुद्रतळाशी होते, आणि कोलासच्या यंत्राला तीनशेहून जास्त वर्षं अवकाश होता. त्याने मापं घेण्यापेक्षा धातूला काय जमतं ते पाहिलं. ती मूर्ती आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. जेमतेम वीतभर उंच, अंग काळसर, केसांना सोन्याचा मुलामा. मान खाली घालून तो तळपायातला काटा शोधतोय, आणि डोळे चांदीचे आहेत.